ऱ्हाईनचा वरचा प्रवाह: उगम कुठे, आणि पाणी केव्हा?

आजचा विषय आल्प्समधल्या एका नदीच्या अगदी वरच्या टप्प्याचा आहे. नदी तुमच्या ओळखीची आहे, ऱ्हाईन. शाळेच्या भूगोलात ती आपल्याला भेटली ती रूरचा कोळसा, मालवाहू जहाजं आणि रॉटरडॅम बंदर यांच्या संगतीत. ती खालची ऱ्हाईन. आज आपण तिकडे फारसे जाणार नाही. शेवटी थोडं डोकावू, पण बाकीचा वेळ स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातल्या ग्राउब्युंडेन या कँटनमध्येच राहू. कँटन म्हणजे तिथलं घटकराज्य. जर्मन, इटालियन आणि रोमान्श अशा तीन भाषा बोलणारं हे स्वित्झर्लंडमधलं एकमेव राज्य आहे, आणि या भाषांचा आजच्या विषयाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

सुरुवात ओबरआल्प खिंडीपासून करू. उंची २०४४ मीटर. या खिंडीत एक लाल रंगाचा दीपस्तंभ उभा आहे. समुद्र नाही, जहाज नाही, आजूबाजूला गवत, खडक आणि वर्षातले बरेच महिने बर्फ. ऱ्हाईन जिथे समुद्राला मिळते त्या हुक ऑफ हॉलंडला पूर्वी जो दीपस्तंभ होता, त्याची ही छोटी प्रतिकृती आहे. इथून दक्षिणेला दोनेक तास चढून गेलं की २३४५ मीटरवर एक तळं लागतं. जर्मनमध्ये त्याला टोमासे म्हणतात, रोमान्शमध्ये लाइ दा तुमा. जुन्या हिमनदीने डोंगराच्या कुशीत कोरलेला वाडगा, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातलं हिमगव्हर, आणि त्यात साठलेलं पाणी. तळ्यातून एक ओढा निघतो. हाच ऱ्हाईनचा उगम, असं पाटी सांगते, पर्यटन खातं सांगतं, बहुतेक नकाशेही सांगतात.

आता गंमत अशी की या कँटनमध्ये ऱ्हाईन एक नाही. रोमान्शमध्ये तिला ‘रेइन’ म्हणतात, आणि नकाशा उघडला की रेइन दा तुमा, रेइन दा कुरनेरा, रेइन दा नाल्प्स, रेइन दा मेडेल, रेइन दा सुमवीच अशी ओळच लागते. जर्मन भागात जा, तर फाल्सची ऱ्हाईन, आवेर्सची ऱ्हाईन, यूफची ऱ्हाईन. यूफ हे २१२६ मीटरवरचं गाव, आल्प्समधलं बारमाही वस्तीचं सगळ्यात उंच गाव, त्याच्याही ओढ्याचं नाव ऱ्हाईनच. इटालियन भागात रेनो दि लेइ. ही शेवटची तर इटलीच्या हद्दीतून निघून उत्तर समुद्राला जाते. म्हणजे वरच्या लोकांसाठी ऱ्हाईन हे एका नदीचं नाव असण्यापेक्षा ‘आपल्या खोऱ्यातलं वाहतं पाणी’ असंच काहीतरी होतं. त्यातली खरी कुठली, हा प्रश्न खालच्या लोकांचा.

तरीही तो प्रश्न विचारला, तर उत्तर तुम्ही कोणता निकष लावता त्यावर अवलंबून आहे. मुख्य फाटे दोन. पश्चिमेकडून येणारी फोर्डरऱ्हाईन म्हणजे ‘पुढची ऱ्हाईन’, आणि दक्षिणेकडून येणारी हिंटरऱ्हाईन म्हणजे ‘मागची ऱ्हाईन’. दोघी राइशेनाउ इथे मिळतात. लांबीला पुढची जास्त. पाण्याला मात्र मागची थोडी जास्त. बरं, लांबीच धरायची तर टोमासेपेक्षा रेइन दा मेडेलचा फाटा लांब भरतो, आणि तो उगम पावतो शेजारच्या, इटालियन बोलणाऱ्या तिचिनो कँटनमध्ये. शिवाय लांबीचं प्रकरण एकूणच नाजूक आहे. कित्येक दशकं कोशांत आणि पुस्तकांत ऱ्हाईनची लांबी १३२० किलोमीटर छापली जात होती. २०१० मध्ये कलोनच्या ब्रूनो क्रेमर या जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की जुन्या नोंदींत आकडा १२३० च्या आसपास आहे. कुठेतरी दोन आणि तीन यांची अदलाबदल झाली होती, आणि मग एकाचं बघून दुसऱ्याने उतरवलं. युरोपातल्या सगळ्यात जास्त मोजल्या गेलेल्या नदीची ही कथा.

म्हणून आमचं म्हणणं असं, की ‘ही नदी कुठे सुरू होते’ या प्रश्नावर फार वेळ घालवू नये. डोंगरमाथ्यावरच्या नदीला विचारायचा खरा प्रश्न ‘पाणी केव्हा येतं’ हा आहे. नदीचा हा वरचा टप्पा पाणी पुरवतो तेवढंच त्याचं काम नाही. तो पाणी अडवून ठेवतो आणि उशिरा सोडतो. हिमात, बर्फात, दरडींच्या राशीत, आणि गेल्या शतकापासून धरणांत. त्या ‘उशिरा’वर खालची सगळी नदी चालते.

आधी जमीन बघू. समोरच्या नकाशात पश्चिमेला मार्तिन्यी आणि पूर्वेला खूर ही दोन शहरं शोधा. त्या दोघांमध्ये आल्प्समधून एक जवळजवळ सरळ चर गेलेला दिसेल. पश्चिम अर्ध्यातून ऱ्होन नदी पश्चिमेला वाहते, पूर्व अर्ध्यातून फोर्डरऱ्हाईन पूर्वेला. दोन खिंडी मध्ये आल्या, नाहीतर ती एकच दरी वाटावी. खडकांच्या दोन मोठ्या समूहांमधला हा कच्चा सांधा आहे. कठीण ग्रॅनाइट आणि नाईस बाजूला उभे राहिले, मधला मऊ पट्टा हिमनद्यांनी आणि पाण्याने खरवडून काढला. नदीने दिशा निवडली असं आपण बोलतो, पण इथे दिशा खडकाने आधीच आखून ठेवली होती. याच गोटहार्डच्या परिसरातून चार बाजूंना चार नद्या निघतात: ऱ्हाईन, ऱ्होन, रॉइस आणि तिचिनो. रॉइस पुढे ऱ्हाईनच्याच पाण्यात जाते, ऱ्होन भूमध्य समुद्राला आणि तिचिनो पो नदीतून एड्रियाटिकला.

याहून मजेदार जागा मागच्या ऱ्हाईनच्या बाजूला आहे. लुंघिन खिंड, २६४५ मीटर. तिथे बाटलीतलं पाणी ओतलंत, तर बाटली कुठे कलली त्यावर ते उत्तर समुद्राला जाईल, इन आणि डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जाईल किंवा पोमार्गे एड्रियाटिकला. तीन समुद्रांचा जलविभाजक एका बिंदूवर.

उताराचा अंदाज यावा म्हणून दोनच आकडे सांगतो. टोमासेपासून राइशेनाउपर्यंत सत्तरेक किलोमीटरमध्ये नदी २३४५ मीटरवरून सुमारे ५८५ मीटरवर येते. बोडनसे सरोवर ३९५ मीटरवर आहे. म्हणजे सरोवरापासून समुद्रापर्यंतच्या हजारएक किलोमीटरच्या वाटेत तिच्याकडे उतरायला चारशे मीटरसुद्धा शिल्लक नसतात. नदीची ताकद, गाळ उचलण्याची आणि जातं फिरवण्याची, सगळी वर खर्च होते.

आता या दरीतली सगळ्यात मोठी घटना. सुमारे ९५०० वर्षांपूर्वी, हिमयुगातल्या हिमनद्या ओसरून गेल्यानंतर, फ्लिम्स गावाच्या वरचा डोंगर कोसळला. आठ ते बारा घनकिलोमीटर चुनखडक एका दमात दरीत आला. आल्प्समधली ज्ञात असलेली ही सगळ्यात मोठी दरड आहे. घनकिलोमीटर म्हणजे एक किलोमीटर लांब, एक किलोमीटर रुंद, एक किलोमीटर उंच असा ठोकळा. असे किमान आठ. दरीच्या तळाशी कित्येकशे मीटर उंचीचा ढिगारा झाला, फोर्डरऱ्हाईन अडली आणि मागे आजच्या इलांत्स शहराच्या बाजूला मोठा तलाव साठला. पुढे पाण्याने बांध फोडला आणि त्या ढिगाऱ्यातून नदी स्वतःची वाट कापत गेली. ती वाट म्हणजे आजची रुइनाउल्ता घळई, तेराएक किलोमीटर लांब, पांढऱ्या कड्यांची. कडे दिसतात अखंड खडकासारखे, पण जवळ जाऊन पाहिलं तर तो भुगा आहे. कोसळताना खडकाचा चुरा झाला, आणि त्या चुऱ्यातच हे तीनशे मीटरहून उंच कडे उभे आहेत. घळईच्या तळातून नदीच्या बाजूने आगगाडी जाते, १९०३ पासून. मोटाररस्ता मात्र तळातून नाही, तो वरून जातो.

या दरडीने नदीपुरतंच काही बदललं असतं तर आपण इथेच थांबलो असतो. पण ढिगाऱ्यावर जंगल वाढलं. घनदाट, ओबडधोबड जमिनीवरचं, शेतीला न उपयोगी. त्यामुळे ते कापलं गेलं नाही आणि दोन्हीकडच्या लोकांमध्ये ती एक भिंत झाली. जंगलाच्या वरच्या बाजूच्या प्रदेशाचं नाव आजही सुरसेल्वा आहे, म्हणजे ‘जंगलावरचा’. खालच्या बाजूचा तो सुतसेल्वा, ‘जंगलाखालचा’. रोमान्श भाषेच्या दोन बोलींचीही हीच नावं आहेत, सुरसिल्वान आणि सुतसिल्वान. साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या दरडीची हद्द बोलीभाषेच्या नकाशावर दिसते, याहून चांगलं उदाहरण भूगोलाच्या शिक्षकाला मिळणार नाही.

त्याच जंगलात काउमासे नावाचं एक तळं आहे. त्याला वरून येणारा एकही ओढा नाही. ढिगाऱ्याच्या पोटातून पाणी येतं आणि पोटातच जातं. वर हिम वितळलं की तळं भरतं, हिवाळ्याकडे ते उतरतं. आपण मघाशी म्हटलं ना, दरडीच्या राशीतही पाणी साठून राहतं, ते इथे उघड्या डोळ्यांनी दिसतं.

मागच्या ऱ्हाईनची वाट वेगळी आहे. ती ३४०२ मीटर उंचीच्या ऱ्हाईनवाल्डहॉर्न शिखराच्या परिसरात, पॅराडीस हिमनदीच्या बाजूने निघते. नाव स्वर्गाचं, पण तिकडे जाणारी वाट लष्कराच्या गोळीबाराच्या सरावक्षेत्रातून जाते आणि ठरावीक दिवशी बंद असते. या शिखरावर पहिल्यांदा चढला तो प्लासिदुस आ स्पेशा, डिझेंटिसच्या मठातला बेनेडिक्टाईन साधू, १७८९ मध्ये. पॅरिसमध्ये बॅस्टिल पडत होतं त्या वर्षी हा माणूस डोंगर चढत आणि खनिजं गोळा करत होता. दहा वर्षांनी फ्रेंच सैन्याने त्याचा मठ जाळला.

पुढे ही नदी एका सरळ दरीतून जात नाही, ती पायऱ्यांनी उतरते. सपाट खोरं, मग अरुंद घळई, पुन्हा सपाट खोरं, पुन्हा घळई. त्यातली सगळ्यात प्रसिद्ध वियामाला, शब्दशः ‘वाईट वाट’. कडे तीनशे मीटरपर्यंत उंच आणि काही ठिकाणी इतके जवळ की खाली पाणी दिसत नाही, फक्त ऐकू येतं. घळईतून बाहेर पडताच, तूझिस गावाजवळ नोला नावाचा ओढा येऊन मिळतो. तो काळा आहे. ठिसूळ शिस्ट खडक धुऊन आणतो. एकोणिसाव्या शतकात या ओढ्याने आणलेल्या राडारोड्याने खालची शेती कितीतरी वेळा गाडली गेली. १८६८ च्या शरद ऋतूत तर पूर्व आणि दक्षिण स्वित्झर्लंडभर प्रचंड पूर आला. दोष जंगलतोडीवर ठेवला गेला आणि १८७६ मध्ये संघराज्याने डोंगरावरची जंगलं राखण्याचा कायदा केला. पूर कितपत तोडीमुळे होते यावर नंतर बरीच चर्चा झाली आहे, पण कायदा टिकला आणि जंगलंही टिकली.

आता पाण्याच्या वेळापत्रकाकडे येऊ, कारण मुद्दा तिथे आहे.

आपल्याकडे त्र्यंबकला पाऊस झाला की नाशिकच्या गोदाघाटावर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कळतं. ढगातून पडणं आणि नदीत येणं यांत तासांचं अंतर. वरच्या ऱ्हाईनला हे अंतर महिन्यांचं आहे. डिसेंबरात दोन हजार मीटरवर जे पडतं ते नदीत येत नाही, ते तिथेच थांबतं. जानेवारी-फेब्रुवारीत नदी वर्षातली सगळ्यात बारीक असते, आणि त्याच वेळी पाणी मात्र डोंगरावर साठत असतं. मे उजाडला की खालच्या उतारावरचं हिम वितळतं, जूनमध्ये वरचं, आणि नदी दुथडी वाहते. जुलै-ऑगस्टमध्ये हंगामी हिम संपत आलेलं असतं, तेव्हा हिमनद्यांचा जुना बर्फ पुढे येतो. हिमनदीच्या ओढ्याला तर दिवसाचंही वेळापत्रक असतं: पहाटे उतरलेला, दुपारनंतर चढलेला. डोंगरात चालणारे लोक म्हणून असे ओढे सकाळीच ओलांडतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. हिम आणि बर्फ हे वेगवेगळे धरा. हिम म्हणजे यंदा पडलेलं आणि बहुतेक यंदाच वितळणारं. बर्फ म्हणजे हिमनदीतला, दशकांपूर्वीचा, शतकांपूर्वीचा. ‘हिमनद्या संपल्या की ऱ्हाईन आटेल’ असं वाक्य अनेकदा वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. बाझेल शहराशी मोजलेल्या वर्षभराच्या पाण्यात हिमनद्यांच्या बर्फाचा वाटा सरासरी दोन टक्क्यांच्या आसपास आहे. हंगामी हिमाचा वाटा जवळपास चाळीस टक्के, आणि उरलेला पावसाचा. मग हिमनद्यांची चिंता कशाला करायची? कारण ते दोन टक्के वर्षभर सारखे येत नाहीत. ते नेमके कोरड्या, तापलेल्या ऑगस्टमध्ये येतात, जेव्हा पाऊस नाही आणि हिमही संपलेलं. तेव्हा त्यांचा वाटा कितीतरी पटींनी वाढतो. घरात वर्षाच्या जमाखर्चात अडीअडचणीसाठी ठेवलेली रक्कम फार मोठी नसते, पण ती कुठल्या दिवशी उपयोगी पडते ते महत्त्वाचं. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्विस हिमनद्यांनी आपला सुमारे दहा टक्के बर्फ गमावला. मूळ रक्कमच मोडली जाते आहे.

आणि आमच्या मते हंगामी हिमाचा प्रश्न यापेक्षाही मोठा आहे, फक्त त्याचे फोटो तितके चांगले येत नाहीत. हिवाळा उबदार झाला की तेच पाणी हिमाऐवजी पावसाच्या रूपात पडतं आणि लगेच वाहून जातं. वर्षाची बेरीज फारशी बदलत नाही. बदलतो तो महिना. हिवाळ्यात नदी फुगते, उन्हाळ्यात ओसरते.

महिना बदलल्याने काय होतं ते बघायला आता थोडं खाली डोकावू. बाझेलला ऱ्हाईनचा सरासरी प्रवाह सेकंदाला साधारण १०५० घनमीटर आहे, आणि नेदरलँड्सच्या सीमेवर २२०० च्या आसपास. सीमेपर्यंतच्या पाणलोटापैकी बाझेलच्या वरचा भाग पाव हिश्श्याहूनही कमी, पण पाणी जवळजवळ निम्मं. उन्हाळ्यात वाटा आणखी मोठा. ऑक्टोबर २०१८ मध्ये जर्मनीतल्या काउब इथली पाणीपातळी २५ सेंटिमीटरवर आली. हा आकडा ऐकून नदीत गुडघाभरही पाणी नव्हतं असं समजू नका. ती मोजपट्टीवरची पातळी आहे, जहाजांच्या वाटेत पाणी त्यापेक्षा मीटरभर जास्त असतं. पण तेवढ्याने जहाजं अर्धीही भरता येईनात, कारखान्यांना कच्चा माल मिळेना, इंधनाची टंचाई झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा तेच.

वेळापत्रक बदलण्याचं काम माणसाने मात्र हवामानाच्या आधीच सुरू केलं होतं. वीज हिवाळ्यात जास्त लागते आणि पाणी उन्हाळ्यात येतं. मग उन्हाळ्याचं पाणी अडवायचं आणि हिवाळ्यात सोडायचं. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पंचवीस वर्षांत या दोन्ही ऱ्हाईनच्या बाजूच्या दऱ्यांमध्ये धरणांची रांग लागली. फाल्सच्या वर त्सेरफ्राइला, १९५७ मध्ये भरलं, सुमारे दहा कोटी घनमीटर, तळाशी त्याच नावाची वस्ती. लेइच्या दरीतलं त्याच्या जवळपास दुप्पट. त्याची तऱ्हा न्यारी: पाणी इटलीत आणि भिंत स्वित्झर्लंडमध्ये. भिंत आपल्या हद्दीत असावी म्हणून दोन देशांनी करार करून तेवढी जमीन बदलून घेतली.

ग्राउब्युंडेनमध्ये वाहत्या पाण्यावरचा हक्क मुळात गावांचा, म्हणजे ग्रामसभेचा आहे. वीज कंपनीला परवाना हवा तर गावाने मत द्यायला लागतं. त्यामुळे नदीचा भूगोल इथे मतपेटीतून गेला आहे, आणि तीन ठिकाणी तीन वेगळी उत्तरं निघाली.

पहिलं ऱ्हाईनवाल्ड, मागच्या ऱ्हाईनचं सगळ्यात वरचं खोरं. १९४० च्या दशकात तिथे मोठा जलाशय करायचा घाट होता. श्प्ल्यूगेन गावाचा मोठा भाग आणि शेजारची वस्ती पाण्याखाली जाणार होती. मोबदला देऊ केला होता, देशाला विजेची गरज होती, युद्ध चालू होतं. गावांनी नकार दिला. कँटनच्या सरकारनेही त्यांची बाजू उचलून धरली आणि योजना बारगळली. श्प्ल्यूगेन आजही आहे, दगडी छपरांसकट.

दुसरं मार्मोरेरा, यूलिया नदीवरचं. ही नदी आल्बुलामार्गे मागच्या ऱ्हाईनला मिळते. इथे १९४८ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून होकार दिला. गाव गरीब होतं, तरुण बाहेर जात होते, झ्युरिक शहराच्या वीज खात्याने पैसे आणि नवी घरं देऊ केली. १९५४ मध्ये पाणी चढलं. त्याआधी घरं आणि चर्च पाडलं, थडगी वर नव्या जागेत हलवली. अशा गोष्टी सांगताना पहिल्या गावाला शूर आणि दुसऱ्याला विकलं गेलेलं ठरवायचा मोह होतो. आम्हाला ते पटत नाही. ऱ्हाईनवाल्डमधून खिंडीकडे जाणारे जुने व्यापारी रस्ते होते, त्यांना नाही म्हणणं परवडत होतं. मार्मोरेराला काय परवडत होतं, हे बाहेरच्याने ठरवू नये.

तिसरं ग्राइना. हे गाव नाही, २२०० मीटरवरचं सहाएक किलोमीटर लांबीचं ओसाड पठार आहे. नदी तिथे अनेक धाग्यांनी पसरून वाहते, दलदली आहेत, झाड एकही नाही. इथलं पाणी रेइन दा सुमवीचमधून पुढच्या ऱ्हाईनला जातं. धरणाची योजना अनेक वर्षं चालली, विरोधही तितकाच चालला, आणि १९८६ मध्ये कंपन्यांनी योजना सोडली. पण मग व्रिन आणि सुमवीच या गावांनी साधा प्रश्न विचारला: निसर्ग देशभराच्या लोकांसाठी वाचला, तर आमचं पाणीपट्टीचं बुडालेलं उत्पन्न कोण देणार? यातून १९९० च्या दशकात एक नवी पद्धत आली. मोलाचा प्रदेश राखण्यासाठी वीजनिर्मिती सोडणाऱ्या गावांना संघराज्य भरपाई देतं. पाणी न अडवण्याचेही पैसे मिळू लागले. आमच्या दृष्टीने या सगळ्या प्रदेशातली ही सर्वांत लक्षात ठेवण्यासारखी व्यवस्था आहे.

धरणांचा नदीवर परिणाम दोन पातळ्यांवर दिसतो. वर्षाच्या हिशेबात उन्हाळ्याचं पाणी कमी झालं, हिवाळ्याचं वाढलं. दिवसाच्या हिशेबात मात्र नदीला एक नवाच श्वास लागला. विजेची मागणी वाढली की पाणी सोडायचं, रात्री किंवा रविवारी थांबवायचं. त्यामुळे काठावरची खडी दिवसातून एकदा-दोनदा बुडते आणि उघडी पडते. किनाऱ्यावरची पिल्लं आणि किडे पाण्याबरोबर मागे सरकू शकले नाहीत की कोरड्यावर राहतात. २०११ पासून लागू झालेल्या स्विस कायद्याप्रमाणे वीजकेंद्रांनी या चढउतारांचा त्रास २०३० पर्यंत आटोक्यात आणायचा आहे.

बोडनसेमध्ये एक मोठा ट्राउट मासा राहतो, सरोवर-ट्राउट. तो अंडी घालायला शरद ऋतूत ऱ्हाईनमधून वर चढतो, पार फोर्डरऱ्हाईनच्या दरीपर्यंत. १९६२ मध्ये राइशेनाउच्या खाली, एम्सजवळ वीजकेंद्राचा बंधारा झाला आणि ही वाट बंद पडली. जवळजवळ चाळीस वर्षं मासे भिंतीशी येऊन थांबत. २००० साली बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्यांची वाट करून दिली आणि ते पुन्हा वर जायला लागले. अंडी घालायला त्यांना उथळ पाण्याखालची स्वच्छ खडी लागते. वर तशी खडी अजून आहे, पण रोजच्या चढउतारात उघडी पडणारी खडीही बरीचशी तीच आहे. अंडी तिथे हिवाळाभर असतात, नेमकी विजेची मागणी सगळ्यात जास्त असते तेव्हा.

गाळाचा विषय आज राहिला. बोडनसेच्या तोंडाशी ऱ्हाईन दरवर्षी इतका गाळ आणून टाकते की तिचं तोंड बांध घालून सरोवरात खोल लांबवत न्यावं लागलं आहे. त्यावर ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड १८९२ पासून एकत्र काम करत आहेत आणि २०२४ मध्ये त्यांनी नवा करारही केला. ते पुढच्या व्याख्यानात सविस्तर घेऊ. आता तुमचे प्रश्न.